वाचकांचे प्रश्न : माळ्यावर कागदाचा भराव

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. घर जुने, मंगळुरी कौलांचे असून मधल्या तीन खोल्यांना सागवानी तक्तपोशी (फळ्यांचे छत) आहे. चैत्र-वैशाखात दुपारी माळ्यावर उभे राहवत नाही आणि पौषात पहाटे त्याच खोल्या गारठतात. माझा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो. त्याने तेथील घराच्या माळ्यावर कागदाच्या लगद्यासारखा सेल्युलोजचा भराव भाड्याच्या यंत्राने एका दिवसात स्वतःच भरला आणि त्याला त्याचा गुण आला. आपल्याकडे रद्दी भरपूर आहे, बोरिक पावडरही मिळते, तेव्हा हे काम घरीच करून पाहा, असे तो सुचवतो. करावे काय? आग आणि उंदीर यांचे भय वाटते.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी केले ते योग्यच केले, परंतु त्यांचे छप्पर आणि आपले छप्पर यांत जो फरक आहे, त्यावरच या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. अमेरिकेतील घरात वाशांवर आधी फळ्या किंवा प्लायवूड ठोकतात, त्यावर पाणी अडवणारा थर पसरतात आणि मग वरचे आच्छादन घालतात. त्यामुळे माळा ही कोरडी, वाऱ्याचा झोत न लागणारी जागा असते. आपल्याकडे वाशांवर रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) आणि रिपांवर थेट कौले असतात. माळ्यावर उभे राहून वर पाहिले तर फटींतून उजेड दिसतो. जेथून उजेड येतो तेथून वारा येतो आणि मृगापासून पुढे चार महिने पावसाचे तुषारही येतात. बेळगाव शहरापेक्षा आपल्या बाजूला, आणि त्याहून पश्चिमेस मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला, पाऊस कितीतरी अधिक, हे आपणांस सांगायला नको.

आता हा भराव म्हणजे काय ते पाहू. त्यात सुमारे ८० ते ८५ टक्के जुने वर्तमानपत्री कागद असतात आणि उरलेला भाग बहुतांशी बोरिक आम्ल व टाकणखार यांसारख्या बोरेटांचा, म्हणजे आग व कीड रोखणाऱ्या औषधाचा, असतो. कागद गिरणीत दळून त्याचे धागे कापसासारखे पिंजले जातात आणि त्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा उष्णता अडवते. दहा सेंटिमीटरचा थर हा अडीच सेंटिमीटरच्या सागवानी फळीच्या दहा-पंधरापट उष्णता रोखतो, म्हणजे गुण नि:संशय आहे. वजनाचीही चिंता नको. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर दहा सेंटिमीटरचा थर राहण्यास पन्नासएक किलो माल लागतो आणि तेवढा भार कोणतीही शाबूत तक्तपोशी पेलते. मात्र हा भराव काळानुसार पंधरा-वीस टक्के बसतो, म्हणून दहा हवे असल्यास बारा सेंटिमीटर भरावे लागते.

रद्दी घरी फाडून हे साधत नाही. फाडलेले तुकडे एकमेकांवर सपाट बसतात, त्यांत हवा धरून ठेवणारी पोकळी राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट औषधाची आहे. कारखान्यात बोरेट अतिशय बारीक दळून धाग्याला चिकटवलेले असते. घरी वरून भुरभुरलेली पावडर थोड्याच दिवसांत खाली उतरते, फळ्यांच्या सांध्यांतून अंथरुणावर, पाण्याच्या भांड्यांवर गळते, आणि वर उरतो तो निव्वळ पेटणारा कागद. बोरिक आम्ल पोटात जाणे लहान मुलांना घातक आहे, हेही लक्षात असावे. हे मिश्रण नीट जमवणे कारखान्यांनाही एकेकाळी जड गेले होते. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत या मालाची मागणी एकदम वाढली, अपुऱ्या औषधाचा माल बाजारात आला आणि १९७८ मध्ये तेथील संसदेला त्याच्या ज्वलनशीलतेविषयी खास कायदा करावा लागला. तेव्हा रद्दी रद्दीवाल्याला द्यावी, हे उत्तम.

तयार माल मिळाला तर? तो आपल्याकडील हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळण्यासारखा नाही, मागवावा लागतो. मागवताना केवळ बोरेटचा असल्याची खात्री करावी. काही मालात अमोनियम सल्फेट असते, ते ओल लागताच उग्र वास सोडते आणि खिळे, तांब्याच्या तारा गंजवते. परंतु माल घरी येण्यापूर्वी छपराची तयारी हवी, आणि माझ्या मते खरे काम तेच आहे. कौले उतरवून, वाशांवर बाष्प बाहेर जाऊ देणारे परंतु पाणी अडवणारे कापड ताणावे, त्यावर उभ्या पट्ट्या ठोकून मग रिपा व कौले परत बसवावीत. असे केले नाही तर पश्चिमेचा वारा एका पावसाळ्यात सारा भराव एका कोपऱ्यात लोटील. आणि तो भिजला तर स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून ठेवील, बोरेट पाण्यात विरघळून वाहून जाईल, तक्तपोशी वरून कुजू लागेल आणि खालून ते कळणारही नाही. वानरांनी सरकवलेले एक कौलही याला पुरेसे आहे. दरवर्षी शाकारणी करणाऱ्या गड्यांनाही सांगून ठेवावे लागेल, कारण खालचे कापड फाटले तर ते वरून दिसत नाही.

आगीविषयी आपली शंका रास्त आहे. बोरेटमुळे हा भराव ज्वाला धरत नाही, परंतु सतत तापणाऱ्या वस्तूला खेटून राहिला तर आतल्या आत धुमसू शकतो. म्हणून तक्तपोशीत बसवलेल्या दिव्यांभोवती किमान आठ सेंटिमीटर जागा पत्र्याचे कडे करून मोकळी ठेवावी. जुन्या घरांत लाकडी पट्टीतून नेलेल्या तारा असतात. त्या भरावाखाली गाडल्या गेल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. भराव घालण्यापूर्वी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून त्या बदलून घ्याव्यात, यात काटकसर करू नये. स्वयंपाकघरातील चूल आणि न्हाणीघरातील बंब यांवरच्या भागात भराव मुळीच घालू नये, तेथील धूर कौलांतूनच जातो आणि तो तसाच जाऊ द्यावा. उंदरांबाबत सांगायचे तर बोरेटमुळे वाळवी व झुरळे दूर राहतात, पण उंदराला त्यात ऊबदार घरटे करण्यास हरकत वाटत नाही, आणि खानापुरात उंदरामागून कोण येते ते आपण जाणताच. भिंत आणि वासे यांमधील भोके बारीक जाळीने आधी बंद करावीत.

हे सारे करूनही काम हाती घ्यायचे असेल तर सुगी संपल्यावर, मार्गशीर्ष ते माघ या काळात घ्यावे. चैत्र-वैशाखात बेळगाव भागात वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नाही. दोन माणसे लागतात. एकजण खाली यंत्राच्या हौदात पोते फोडून टाकतो, दुसरा वर नळी धरतो. यंत्र नसल्यास मोठ्या पिंपात माल काट्याने चांगला फुलवून हाताने पसरता येतो, फक्त तो थोडा जास्त लागतो. आधी तक्तपोशीच्या फटी बुजवाव्यात. वाशांना जागोजागी मोजपट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे थर सारखा बसतो. सर्वांत दूरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून शिडीकडे मागे येत जावे आणि माळ्याच्या दाराभोवती फळीचा कठडा करावा. वळचणीकडील बाजू मात्र कधीही भरू नये. तेथून शिरणारी हवा कौलांखालची वाफ बाहेर काढते, ती अडली की वासे काळे पडतात. तोंडावर एन-९५ मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. नंतर खालच्या खोल्या झाडू नयेत, ओल्या फडक्याने पुसाव्यात.

एवढा खटाटोप नको असल्यास कौलांच्या आतील बाजूस, वाशांच्या खालून, दोन बोटे हवेची पोकळी ठेवून चकचकीत ॲल्युमिनियमचे उष्णतारोधक कापड ताणावे, असा माझा सल्ला राहील. उन्हाने तापलेली कौले खाली जी धग फेकतात तीच आपल्या दुपारच्या त्रासाचे मुख्य कारण आहे, आणि त्या धगीवर हा उपाय स्वस्त व पुरेसा आहे. पौषातील गारठ्यावर त्याचा उपयोग कमी, पण आपल्याकडे तो गारठा मोजक्या आठवड्यांचा असतो आणि तक्तपोशीच्या फटी बुजवल्याने बराचसा आटोक्यात येतो.

प्रश्न : बेळगावात अनगोळला आमचे सिमेंटच्या सपाट स्लॅबचे घर आहे. वरच्या मजल्यावर रात्री अकरापर्यंत छत तापलेले असते. छताखाली जिप्समचे छत करून मध्ये हाच कागदी भराव घालता येईल काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : घालता येईल, पण घालू नये. स्लॅबला ओल आली तर ती भरावात जिरून राहते आणि जिप्सम फुगेपर्यंत कळत नाही. शिवाय उन्हाने तापणारा स्लॅब तसाच तापत राहतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. उष्णता स्लॅबच्या वरच अडवावी. गळती काढून झाल्यावर गच्चीवर पाणी न शोषणाऱ्या कठीण फोमच्या पाच सेंटिमीटर जाडीच्या पाट्या बसवून त्यावर फरशी करावी. तेवढा खर्च नसेल तर होळीनंतर गच्ची घासून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. तो चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नव्याने द्यावा लागतो.