हवामान बदलावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग सांगलीच्या महापुराला तो जबाबदार कसा?

यात दोन वाद एकत्र झालेत. पृथ्वी माणसामुळे तापतेय का, यावर शास्त्रात आता वाद उरलेला नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या 2021 च्या अहवालाने ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितलंय. हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कोसळतं तेव्हा थोड्या वेळात कोसळतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांना मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 दरम्यान अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या.

खरा वाद आहे तो दोष कुणाचा यावर. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट! आमच्या गल्लीतल्या भिंतीवर त्या पाण्याची मातकट रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर. तेव्हापासून कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतं, कुणी कोयना धरणाच्या विसर्गाकडे, कुणी पूररेषेतल्या, म्हणजे पुराचं पाणी जिथवर येतं त्या हद्दीतल्या, बांधकामांकडे. पुराची कारणं शोधायला राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, तरी निवडणूक आली की तोच मुद्दा निघतो. शेजारच्या राज्यावर बोलणं सोपं असतं. आपल्याच गावातल्या भरावावर बोललं की मतं जातात.

एक पूर 'फक्त हवामान बदलामुळे' आला असं कुठलाच शास्त्रज्ञ म्हणत नाही. पाऊस वाढवायला तो कारण ठरतो, पण ते पाणी घरात शिरतं ते ओढे बुजवल्यामुळे. म्हणून 'हवामान बदल' म्हणून हात झटकणाऱ्या पुढाऱ्याला पूररेषेचा नकाशा दाखवायला सांगा.