विरुद्ध स्वभावांची जोडी गाडीत बसवताना

प्रवासातली विनोदी प्रेमकथा लिहिताना 'तो शिस्तीचा, ती बेफिकीर' एवढ्यावर विनोद होत नाही. नवख्या लेखकांचं घोडं तिथंच पेंड खातं. स्वभाव वस्तूंतून दाखव. पनवेल ते सावंतवाडी घे: त्याच्याकडे थांब्यांची छापील यादी, तिच्या पायाशी ओल्या चपला आणि फोडलेलं फरसाण. त्याला कशेडीचा बोगदा हवा, तिला जुना घाटच. भांडण सांडलेल्या सोलकढीवरून लाव, आयुष्याच्या ध्येयांवरून नको. गाडी कोण चालवतंय हेही विसरू नकोस. चालवणारा दर वाक्याला तिच्या डोळ्यांत बघू लागला, तर चिपळूणसुद्धा येणार नाही. प्रेमाच्या कबुलीसाठी गाडी पावसात बंद पाडू नकोस, फार झालं ते. स्टेपनी बदलताना चारही नट तिनं ओंजळीत सांभाळले, की वाचकाला कळतं. मग त्यानं यादीतला एक थांबा गुपचूप खोडावा.