वाचकांचे प्रश्न : नुसत्या मिठावर चालणारं इंजिन

प्रश्न : छोट्या सॅटेलाइटसाठी आयनिक लिक्विडचा थ्रस्टर (यानाला ढकलणारं छोटं इंजिन) असतो म्हणे. पण द्रव उघड्या सुईवर ठेवला तर अंतराळात उडून नाही का जाणार? आणि आयन करायला प्लाझ्मा, म्हणजे आयन झालेला वायू, लागतो ना?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : नाही उडत, सगळी गंमत तिथेच आहे. आयनिक लिक्विड म्हणजे मीठच, फक्त साध्या खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं, पाण्यात विरघळवलेलं नाही हां, नुसतं मीठ. त्यातले धन आणि ऋण आयन एकमेकांना इतके धरून असतात की निर्वातात उघडं ठेवलं तरी वाफ जवळजवळ होतच नाही. या कामात ईएमआय-बीएफ४ नावाचं मीठ (ईएमआय हा धन आयन, बीएफ४ हा ऋण) फार वापरतात. टोकदार सुईवर ते पसरवायचं, समोर भोक असलेली जाळी ठेवायची आणि दोघांत एक-दोन हजार व्होल्ट लावायचे, की टोकावरचा द्रव ताणला जाऊन त्याचा शंकू होतो (भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं, अर्धा कोन ४९.३ अंश), आणि शंकूच्या शेंड्याला विद्युतक्षेत्र इतकं वाढतं, दर नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट, की आयन सरळ द्रवातून सुटून बाहेर पडतात. प्लाझ्मा कशाला हवा मग? आयन बनवायचेच नाहीत, ते आत आधीपासून आहेत. पंप पण नको, सच्छिद्र टोकातून द्रव आपोआप वर चढतो.

प्रश्न : जोर किती मिळतो? आणि सारखे धन आयन बाहेर फेकले तर यानावर ऋण चार्ज साठणार नाही का?

उत्तर : जोर म्हणाल तर हसाल. १००० व्होल्टला ईएमआयचा सुटा आयन सेकंदाला जवळपास ४२ किलोमीटर वेगाने जातो, पण त्याचं वस्तुमान काहीच नाही, त्यामुळे एका टोकातून २०० नॅनोअँपिअर काढले तरी हाती येतात फक्त १० नॅनोन्यूटन. तांदळाचा एक दाणा तोलायचा तर अशी वीसेक हजार टोकं लागतील! म्हणून एमआयटीत पाउलो लोझानो यांच्या ग्रुपने बोटाच्या नखाएवढ्या चिपवर ४८० टोकं बसवली. जमिनीवरून रॉकेट उडवायचं काम हे नाहीच, पण हलक्या यानाला महिनोन् महिने हळूहळू ढकलायला किंवा अगदी स्थिर धरून ठेवायला मस्त. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुटलेल्या लिसा पाथफाइंडर या युरोपच्या चाचणी यानावर नासाने बुसेक कंपनीचे असेच ५ ते ३० मायक्रोन्यूटनचे थ्रस्टर वापरले होते, द्रव आयनिकच होता, फक्त त्यातून सुटे आयन नाही तर बारीक थेंब उडायचे, म्हणून ते सख्खे नाही, चुलत भाऊ.

चार्जचं म्हणाल तर दोन चिप शेजारी ठेवतात, एक धन फेकते, दुसरी ऋण, हिशोब शून्य. इलेक्ट्रॉन सोडणारा वेगळा न्यूट्रलायझर लागत नाही. आणि थोड्या थोड्या वेळाने दोघींची पोलॅरिटी उलटी करतात, कारण एकाच बाजूचे आयन जात राहिले तर उरलेले धातूपाशी साठतात आणि मग तिथे रासायनिक क्रिया सुरू होऊन द्रव खराब होतो.

प्रश्न : एवढं सोपं आहे तर सगळ्या सॅटेलाइटवर का नाही?

उत्तर : आयुष्य! झोत पसरतो, कडेचे आयन जाळीवर आपटतात, जाळी हळूहळू ओली होते, आणि एक दिवस सुई आणि जाळी यांच्यात द्रवाचा पूल झाला की शॉर्ट, विषय संपला. जाहिरातीत वेगाचे आकडे मोठ्ठे असतात, मी तरी आधी विचारीन की सलग किती तास चालवलाय.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये गॅलियम धातूचं फोकस्ड आयन बीम मशीन (आयनांच्या बारीक झोताने नमुना कोरणारं) आहे. त्यात हा सोर्स चालेल का?

उत्तर : कल्पना तीच आहे, फक्त तिथे हजारो टोकं नकोत, एकच हवं आणि ते गप एका जागी राहायला हवं. गॅलियमचा त्रास तुम्हाला माहीतच असेल, सिलिकॉन कोरताना तो आत घुसून बसतो आणि नमुन्याचे गुणच बदलतो. इथे ऋण बाजूला बीएफ४ चे आयन मिळतात, त्यात फ्लोरिन, म्हणजे नुसते आपटत नाहीत तर सिलिकॉनशी क्रिया पण करतात, कोरणं जलद होतं. शिवाय काच किंवा पॉलिमरवर ऋण आयन मारले तर चार्ज साठण्याची कटकट कमी. मला विचाराल तर थ्रस्टरपेक्षा हाच उपयोग जास्त इंटरेस्टिंग आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही एवढंच. अडचण अशी की झोतात सगळे आयन सारखे नसतात, काही सुटे, काही एकेक जोडी बरोबर घेऊन निघालेले, आणि हे जड वाटेतच फुटले की त्यांची ऊर्जा कमी पडते, लेन्स त्यांना जागेवर आणू शकत नाही, ठिपक्याभोवती धूसर कडं येतं. त्यासाठी फिल्टर लावावा लागतो. तेव्हा गॅलियमचं मशीन एवढ्यात विकायला काढू नका.