मोटरहोमच्या गॅरेजमध्ये नेण्यासाठी छोटी गाडी निवडताना

मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी; काहींच्या मागच्या भागात छोटी गाडी ठेवण्याचा कप्पा, म्हणजेच गॅरेज, असतो. छोटी गाडी पसंत करण्याआधी या गॅरेजच्या दाराची मोकळी जागा स्वतः टेप लावून मोजावी, कारण माहितीपत्रकातील मापात बिजागऱ्या आणि सील यांनी अडवलेली जागा बहुधा धरलेली नसते. रेनॉ ट्विझीसारखी दोन आसनी इलेक्ट्रिक गाडी सुमारे 2.34 मीटर लांब असते, तर स्मार्ट फोरटूच्या पहिल्या पिढीची लांबी 2.5 मीटर होती. तरीही गाडी आत गेल्यावर चालकाला दार उघडून बाहेर पडता येईल का, हे प्रत्यक्षच पाहावे.

माझ्या मते खरा निकष वजनाचा आहे. गॅरेज मोटरहोमच्या मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) मागे असेल, तर तरफेच्या तत्त्वामुळे त्या आसावर छोट्या गाडीच्या वजनापेक्षाही अधिक भार येतो, आणि हा भार वजनापेक्षा जेवढा जास्त, तेवढी मोटरहोमची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड कमी होते. म्हणून पाण्याच्या टाक्या भरून, सामान आणि माणसांसह मोटरहोम वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक आसाचे वजन स्वतंत्रपणे करून घ्यावे, आणि मागच्या आसाच्या मर्यादेत जेवढे उरते तेवढ्यात या वाढीव भारासह बसेल अशीच गाडी शोधावी.

रॅम्प चढताना गाडीचा पुढचा बंपर टेकत नाही ना, तेही तपासावे. पेट्रोलची गाडी असल्यास गॅरेजला वायुवीजन हवेच, आणि चारही चाके पट्ट्यांनी बांधण्यासाठी मोटरहोमच्या चौकटीला (चॅसीला) जोडलेल्या भक्कम कड्या हव्यात.