पर्सनल ट्रेनर लावल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेमकं काय होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४३, दिवसभर खुर्चीतलं काम, बीपीची गोळी चालू आहे, जिमची पायरी कधी चढलेली नाही आणि जिमवाले तीन महिन्यांचं पीटी (पर्सनल ट्रेनिंग) पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेत, तर ट्रेनर नक्की करतो काय आणि पैसे वसूल होतात का. मी ठाण्यात बऱ्याच वर्षांपासून ट्रेनरकडे करतेय, सुरुवात केली तेव्हा वय तुमच्याच आसपास होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी घाम कमी आणि प्रश्न जास्त, हे धरून चला. पार-क्यू नावाचा सात प्रश्नांचा फॉर्म असतो, छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्यांचा त्रास आहे का, बीपी किंवा हार्टची औषधं चालू आहेत का, असे प्रश्न असतात. तिथे खरंखरं लिहा. तुम्ही बीपीला हो म्हटलंत की चांगला ट्रेनर आधी डॉक्टरांना विचारून या म्हणेल, तो टाळाटाळ करतोय असं समजू नका, उलट असा माणूस मिळाला तर धरून ठेवा. डॉक्टरांना गोळीबद्दलही विचारा, कारण अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच हळू चालते, मग घड्याळात हार्ट रेट बघून किती जोर लावायचा हे ठरवण्यात अर्थ राहत नाही. त्यापेक्षा व्यायाम करताना एक वाक्य पूर्ण बोलता येतंय का हे बघायचं. आणि वजन उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही, त्याने बीपी एकदम वर जातं, जोर लावताना श्वास सोडायचा. हे ट्रेनरने पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगायला हवं.

पहिले दोन-तीन आठवडे तुम्हाला वाटेल की हा आपल्याला काहीच करायला लावत नाहीये. बाकीचे लोक प्लेटा चढवतायत आणि आपण बेंचवर बसतोय उठतोय. पण खरं काम तिथेच होत असतं. मला कमरेतून वाकायला शिकवलं तेव्हा हातात वजन दिलंच नव्हतं, एक लाकडी काठी दिली होती. ती पाठीला उभी लावायची, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे, आणि तशीच धरून गुडघे थोडेसेच वाकवायचे, बसायची जागा मागे ढकलत पुढे वाकायचं. पाठ गोल झाली की काठी खालून सुटते, लगेच कळतं. ट्रेनर बाजूला उभा राहून फक्त बघत होता, सुटली की थांबवत होता, परत पहिल्यापासून. आता घरी भरलेला सिलिंडर सरकवताना किंवा बादली उचलताना पाठ आपोआप तशीच राहते, आणि माझ्या मते ट्रेनरचे पैसे असतात ते यासाठी. मशीन कसं चालवायचं ते कोणीही दाखवेल, तुमची पाठ कुठे वाकते ते बघायला माणूसच लागतो.

अंग दुखणार, ते धरूनच चला. नवीन व्यायामानंतर दुखणं त्याच दिवशी नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं, जिना उतरताना मांड्या बोंबलतात, आणि दोन-चार दिवसांत जातं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छातीत किंवा डाव्या हातात काही वाटलं, तर तिथल्या तिथे थांबायचं. अजून एक, जास्तच व्यायाम झाल्यावर अंग सुजलं आणि लघवी चहासारखी गडद झाली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, स्नायू फार तुटले तर किडनीवर येतं. पहिल्याच आठवड्यात नवख्या माणसाला उलटी होईस्तोवर दमवून 'आज मजा आली ना' म्हणणारे ट्रेनर आहेत, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

महिन्याभरात ताकद वाढलेली जाणवेल, वजनकाटा मात्र फारसा हलणार नाही. सुरुवातीची ताकद वाढते ती मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ बसल्यामुळे, स्नायू दिसायला लागायला अजून वेळ जातो. म्हणून 'तीन महिन्यांत १५ किलो' असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. ट्रेनरकडे वही किंवा मोबाइलमध्ये नोंद आहे का ते बघा, मागच्या मंगळवारी किती वजन, किती रेप्स (म्हणजे किती वेळा उचललं), हे त्याला बघून सांगता आलं पाहिजे. नोंद नसेल तर तो रोज मनाला येईल ते करवतोय. आणि बायकांनी वजन उचललं की अंग पुरुषी होतं हे नातेवाईक सांगतील, ते एका कानाने ऐका. आपल्या हार्मोन्सवर तसं सहज होत नाही, आणि चाळिशीनंतर हाडांना आणि स्नायूंना वजनाची फार गरज असते.

खाण्याबद्दल ट्रेनर ढोबळ सांगेल, ते ठीक आहे, पण बीपीची गोळी कमी करा वगैरे सांगितलं तर अजिबात ऐकायचं नाही. पावडरचा डबा पहिल्याच आठवड्यात पुढे केला तर घाई करू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन आहे, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त लागतं, पण एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढंच, वर दही, पनीर, सोयाबीन, चणे आहेत. आधी ताट बघा, डबा नंतर.

व्यायामाची ढब सुधारताना ट्रेनरला हात लावावा लागतो, पण लावण्याआधी विचारलं पाहिजे. अवघडल्यासारखं झालं तर स्पष्ट सांगा, किंवा लेडी ट्रेनर मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता पॅकेजचं. आपल्याकडे ट्रेनर व्हायला सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे सर्टिफिकेट विचारा, एसीई, एसीएसएम, के११ अशी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची नावं ऐकायला मिळतील, सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) येतं का तेही विचारा. पण कागदापेक्षा एक ट्रायल सेशन जास्त सांगून जातं, तुम्ही व्यायाम करताना तो मोबाइल बघतोय का तुमच्याकडे. तीन महिन्यांचे एकदम भरू नका, एका महिन्याचे भरा, बहुतेक ठिकाणी १२ सेशन्स असतात, आठवड्याला तीन. ट्रेनरचं नाव, वेळ, सुट्टी पडली तर सेशन पुढे ढकलता येतं का, ट्रेनर सोडून गेला तर उरलेल्या पैशांचं काय, हे पावतीवर लिहून घ्या. माझ्या ओळखीत एकीचा ट्रेनर मध्येच नोकरी सोडून गेला आणि तिची उरलेली सेशन्स जिमने नव्या पोराच्या गळ्यात मारली, लेखी काहीच नव्हतं. आणि जमलं तर दुपारची किंवा सकाळी उशिराची वेळ मागा, संध्याकाळी सात-आठला एकच ट्रेनर दोघा-तिघांना एकदम धरतो आणि तुम्ही भरलेल्या तासातला अर्धा तास दुसऱ्याला जातो.