वाचकांचे प्रश्न: मिशिगनच्या शहरांत कोण राहतं आणि सेन्सस त्यांना काय म्हणतो

या महिन्यात आलेल्या पत्रांचा विषय बहुतेक एकच आहे, मिशिगनमधली शहरं आणि तिथल्या लोकसंख्येचे वंशवार आकडे. डेट्रॉइटच्या आजूबाजूला आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यामुळे नवल नाही. पत्रं थोडी कापून घेतलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मुलीला शाळेत प्रोजेक्ट दिलंय, मिशिगनमधल्या दहा शहरांची वंशवार लोकसंख्या तक्त्यात मांडायची. एका ठिकाणी व्हाइट लोकांची टक्केवारी एक दिसते, दुसरीकडे दुसरीच. आणि आम्ही राहतो ते कॅन्टन तर शहरांच्या यादीत सापडतच नाहीये. आम्ही काय चुकतोय?
– एक वाचक, कॅन्टन

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. कॅन्टन कायद्याने सिटी नाहीच, टाउनशिप आहे, म्हणजे स्थानिक कारभाराचा सिटीहून वेगळा प्रकार. २०२० च्या सेन्ससमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत, तिथे जवळपास ९९ हजार लोक होते, म्हणजे मिशिगनमधल्या कितीतरी सिटींपेक्षा ते मोठं आहे, पण सेन्ससच्या साइटवर तुम्ही नुसतं 'प्लेस' निवडलंत की टाउनशिपा गळून पडतात, त्यासाठी 'काउंटी सबडिव्हिजन' ही लेव्हल निवडावी लागते, मग कॅन्टनपण येतं आणि लाखाच्या वर वस्ती असलेली क्लिंटन टाउनशिपही येते. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं कारण कॅन्टनसारख्या ठिकाणी भारतीय लोक खूप राहतात, आणि कोणी नुसती सिटींची यादी घेऊन 'मिशिगनमधले भारतीय कुठे राहतात' असा लेख लिहिला तर त्यातून एवढी माणसं सरळ गायबच होतील.

आता व्हाइटच्या दोन टक्केवाऱ्या. २०२० च्या सेन्ससच्या फॉर्मवर हिस्पॅनिक (म्हणजे मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले) आहात का हा प्रश्न वेगळा होता आणि रेसचा, म्हणजे वंशाचा, प्रश्न वेगळा, म्हणजे मेक्सिकोहून आलेला माणूस हिस्पॅनिकही असू शकतो आणि व्हाइटही, मग काही साइटवाले सगळे व्हाइट मोजतात आणि काही फक्त हिस्पॅनिक नसलेले व्हाइट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मिसळायचे नाहीत. मुलीला सांगा की २०२० च्या डेटामधला पी-२ नावाचा तक्ता घे, त्यात हिस्पॅनिक एकीकडे आणि बाकीचे वंश दुसरीकडे असे नीट सुटे केलेले आहेत, आणि दहाही शहरांना तोच एक तक्ता वापर.

अजून एक, ती २०१० शी तुलना करणार असेल तर जपून. एकापेक्षा जास्त वंश लिहिणारे लोक अख्ख्या अमेरिकेत २०१० ला ९० लाख होते ते २०२० ला ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली आणि मुलं झाली असं नाही हो, फॉर्मची मांडणी बदलली आणि लोकांनी हाताने लिहिलेली उत्तरं पूर्वीपेक्षा सविस्तर वाचून कोड केली गेली, त्याचा यात मोठा वाटा आहे.

प्रश्न: डिअरबॉर्नमध्ये जाल तिथे अरबी पाट्या, लेबनीज बेकऱ्या, मशिदी. आणि २०१० च्या सेन्ससमध्ये डिअरबॉर्न ८९ टक्के व्हाइट? मला वाटलं टायपिंगची चूक आहे.
– एक वाचक, नोव्हाय

उत्तर: चूक नाही, आकडा खरा आहे. अमेरिकन सरकारच्या व्याख्येत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतून आलेले लोक व्हाइटमध्येच धरले जात होते. २०२० चा फॉर्म बघा, व्हाइटच्या चौकटीखाली एक ओळ लिहायला दिलेली आहे आणि तिथे उदाहरणं छापलीत: जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन, आणि त्याच ओळीत पुढे लेबनीज, इजिप्शियन. म्हणजे लेबनीज माणसाने प्रामाणिकपणे फॉर्म भरला तर तो आयरिश माणसाच्याच रकान्यात जाऊन बसणार.

पण त्या लिहायच्या ओळीनेच पुढे कमाल केली. लोकांनी तिथे लेबनीज, येमेनी, इराकी असं लिहिलं, ते सगळं मोजलं गेलं, आणि २०२३ मध्ये सविस्तर आकडे बाहेर आले तेव्हा डिअरबॉर्नच्या १ लाख १० हजार लोकांपैकी सुमारे ५४.५ टक्के लोक मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या वंशाचे निघाले. अख्ख्या मिशिगनमध्ये ३ लाखांच्या वर. याच शहरात १९४२ ते १९७८ ऑर्व्हिल हबर्ड मेयर होता, ब्लॅक लोकांना गावात घर मिळू नये असं उघड उघड म्हणणारा माणूस, आणि वर्षानुवर्षं निवडूनही येत होता.

हॅमट्रॅमक तर याहून गमतीशीर. हे छोटं शहर जवळपास सगळ्या बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं आहे, एके काळी पोलिश लोकांचं गाव, आता येमेनी आणि बांगलादेशी. २०१० च्या आकड्यांत तिथे ५३ टक्क्यांच्या वर व्हाइट आणि २१ टक्क्यांच्या वर एशियन. शेजारी शेजारी राहणारे, एकाच मशिदीत जाणारे दोन लोक, पण येमेनी व्हाइटमध्ये आणि बांगलादेशी एशियनमध्ये. नुसता तक्ता बघणाऱ्याला वाटेल की जुने पोलिश अजून निम्मे तरी उरलेत!

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका हा स्वतंत्र गट करायचं ठरवलं, आणि हिस्पॅनिकचा वेगळा प्रश्न काढून सगळं एकाच प्रश्नात आणायचंही. माझं मत विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं. ज्या लोकांचा आकडाच नाही त्यांच्यासाठी दवाखाना, भाषांतरकार, शाळेतला शिक्षक मागायला गेलं की समोरचा म्हणतो आकडा दाखवा.

प्रश्न: मुलगा ट्रॉयला नोकरीला आहे, म्हणून इंटरनेटवर बघत होते. डेट्रॉइटमध्ये ७७ टक्के ब्लॅक आणि जवळच्याच लिव्होनियात दहातले आठ-नऊ जण व्हाइट. लोकांना आपापल्या माणसांत राहायला आवडतं, एवढंच ना यामागे?
– एक वाचिका, पुणे

उत्तर: नाही, एवढंच नाही, आणि याचं उत्तर जरा सविस्तर देते.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या १८,४९,५६८ होती, शहराचा उच्चांक. त्यात ब्लॅक १६ टक्के, म्हणजे ३ लाखांच्या आसपास. २०१० ला ब्लॅक ८३ टक्क्यांच्या जवळ. ऐकून वाटतं केवढे लोक येऊन राहिले, पण प्रत्यक्षात ते सुमारे ५ लाख ९० हजार होते, म्हणजे साठ वर्षांत साधारण दुप्पट. आणि व्हाइट लोक साडेपंधरा लाखांच्या आसपास होते ते पाऊण लाखावर आले. टक्केवारी वाढली ती मुख्यतः जाणाऱ्यांमुळे, येणाऱ्यांमुळे कमी.

आता ते गेले कुठे आणि ब्लॅक लोक त्यांच्यामागून का गेले नाहीत. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्जाच्या संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, ब्लॅक वस्ती म्हणजे लाल रंग म्हणजे कर्जाला धोका. घरांच्या खरेदीखतात अट असायची की हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचं नाही. डेट्रॉइटमधल्या सीबाल्ट स्ट्रीटवर ऑर्सेल मॅकगी आणि त्यांच्या बायकोने घर घेतलं तर शेजाऱ्यांनी कोर्टात खेचलं, मिशिगनच्या कोर्टांनी शेजाऱ्यांची बाजू घेतली, शेवटी १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या अटी कोर्टाने अमलात आणायच्या नाहीत. तरी घर विकताना भेदभाव करणं देशभर बेकायदा व्हायला १९६८ उजाडलं, आणि तोवर युद्धानंतरची उपनगरं बांधून, विकून झाली होती.

तुमचा मुलगा तिकडे आहे तर त्याला एक जागा बघून यायला सांगा. डेट्रॉइटची उत्तरेकडची हद्द म्हणजे एट माईल रोड, त्याच्या जरा दक्षिणेला बर्वुड स्ट्रीटलगत घरांच्या परसामागून एक भिंत जाते, सहा फूट उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती पण शेजारी ब्लॅक वस्ती म्हणून सरकारी हमीचं कर्ज मिळेना, तर त्याने मध्ये भिंत बांधली आणि कर्ज मिळालं! भिंत अजून उभी आहे, बागेतून जाते तेवढ्या भागावर वस्तीतल्या लोकांनी चित्रं रंगवलीत. 'आवडतं म्हणून वेगळे राहतात' असं कोणी म्हणालं की मला ही भिंत आठवते, कारण आवडीसाठी कोणी भिंतीवर सिमेंट खर्च करत नाही.

एट माईल रोड ओलांडून वॉरन या उपनगरात गेलात तर १९७० ला तिथे पावणेदोन लाखांच्या वर वस्ती होती आणि त्यात ब्लॅक माणसं दीडशेसुद्धा नव्हती. त्याच गावात जनरल मोटर्सचं भलंमोठं टेक्निकल सेंटर १९५६ पासून आहे. म्हणजे नोकऱ्या हद्दीपलीकडे गेल्या आणि घर मात्र अलीकडेच घ्यायचं. १९७४ मध्ये शाळांचंही तेच झालं, डेट्रॉइट आणि उपनगरांतली मुलं एकत्र शिकावीत म्हणून बसेस हद्दीपलीकडे पाठवायच्या का यावर सुप्रीम कोर्टाने मिलिकेन खटल्यात नाही म्हटलं. हद्द ही नुसती नकाशावरची रेघ नव्हती, कराचा पैसा, शाळा, घराची किंमत सगळं त्या रेघेवर ठरत होतं.

आता चित्र हलतंय, हेही सांगायला हवं. वॉरनमध्ये ब्लॅक लोक २००० ला तीन टक्क्यांच्या आत, २०१० ला साडेतेरा, २०२० ला वीसच्या आसपास. एट माईलच्या उत्तरेलाच साउथफील्ड आहे, तिथे तर दहातले सातजण ब्लॅक. आणि डेट्रॉइटमधले ब्लॅक लोक २०१० ते २०२० मध्ये नव्वद हजारांच्या वर कमी झाले, चांगल्या शाळा, कमी इन्शुरन्स, सुरक्षित गल्ली शोधत तेही हद्द ओलांडतायत. मिळालं घर की माणूस जातोच, आधी मिळत नव्हतं.

प्रश्न: डेट्रॉइटचे लोक म्हणतात सेन्ससने आम्हाला कमी मोजलं. हे राजकारण की खरं?
– एक वाचक, फार्मिंग्टन हिल्स

उत्तर: खरं असायला भरपूर जागा आहे. सेन्सस ब्युरो मोजणीनंतर स्वतःच फेरतपासणी करतो आणि २०२० च्या तपासणीत देशभरात ब्लॅक लोक ३.३० टक्के कमी मोजले गेले, हिस्पॅनिक ४.९९ टक्के कमी, आणि हिस्पॅनिक नसलेले व्हाइट १.६४ टक्के जास्त, एशियनही २.६२ टक्के जास्त. आता ज्या शहरात चारातले तीन जण ब्लॅक आहेत आणि स्वतःहून फॉर्म भरणारी घरं निम्मीच होती, त्याच्या ६,३९,१११ या आकड्याबद्दल शंका येणारच.

यात पैशाचा प्रश्न थेट असतो. मिशिगनच्या कायद्यात साडेसात लाख वस्तीची अट होती, तेवढी असेल तरच डेट्रॉइटला जादा दराने सिटी इनकम टॅक्स लावता यायचा, २०१० ला आकडा ७,१३,७७७ आला आणि मग कायदा बदलून अट सहा लाखांवर आणावी लागली. म्हणून दारावर सेन्ससचा माणूस आला की बोला त्याच्याशी, आपल्या शेजाऱ्यालाही सांगा.

प्रश्न: आपण भारतीय पूर्वी कुठल्या रकान्यात होतो?
– एक वाचक, ट्रॉय

उत्तर: १९२०, १९३० आणि १९४० च्या सेन्ससमध्ये 'हिंदू' असा चक्क वंश होता, आणि शीख असो की मुसलमान, भारतातून आलेला सगळा माणूस त्यात. तेव्हा वंश मोजणारा माणूस बघून लिहायचा, स्वतःचं स्वतः सांगायची पद्धत १९६० पासून आली. १९७० मध्ये आपल्याला व्हाइटमध्ये धरलं, मग इथल्या भारतीयांनी मागणी लावून धरली आणि १९८० ला 'एशियन इंडियन' अशी स्वतंत्र चौकट आली. त्या चौकटीमुळेच आज कळतं की फक्त एशियन इंडियन लिहिणारे २०२० ला सुमारे ४४ लाख होते, एशियन गटांत सगळ्यात जास्त. डिअरबॉर्नचे लोक जे मागत आलेत ते आपण तेव्हा मागितलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: आयोनियासारख्या आडगावात ब्लॅक लोकांचा आकडा एवढा कसा?
– त्याच वाचकाची पुरवणी

उत्तर: तुरुंग. त्या गावात एकापेक्षा जास्त तुरुंग आहेत आणि सेन्सस कैद्याला तो १ एप्रिलला जिथे झोपतो तिथलाच रहिवासी धरतो, मग त्याचं घर, बायको-मुलं डेट्रॉइटमध्ये का असेनात. अशा गावांसाठी 'ग्रुप क्वार्टर्स'चा, म्हणजे तुरुंग, वसतिगृहं अशा ठिकाणी एकत्र राहणाऱ्यांचा तक्ता वेगळा काढून बघा, कैदी किती ते त्यात कळतं.