वाचकांचे प्रश्न : पिचरांची जोडी वाचायची कशी?

प्रश्न : ऐरोलीच्या एका कार्यालयात मी गेली चार वर्षे रात्रपाळी करतो. ग्राहक अमेरिकेतले असल्यामुळे कामाला लागण्याआधी दोन मिनिटे बेसबॉलच्या गप्पा होतात, आणि त्या ऐकून ऐकून मलाही या खेळाची गोडी लागली. २ नोव्हेंबर २०२५ च्या पहाटे मी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉल हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना पाहायला बसलो. त्याच दिवशी आमच्या नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, त्यामुळे तो रविवार चांगलाच लक्षात आहे. मी वाचलेल्या प्रिव्ह्यूत सगळा भर ‘ओहतानी विरुद्ध शेरझर’ या पिचरांच्या (बेसबॉलमधल्या गोलंदाजांच्या) जोडीवर होता; ओहतानी लॉस एंजेलिस डॉजर्सचा, शेरझर टोरोंटो ब्लू जेजचा. प्रत्यक्षात ओहतानीला तिसऱ्या इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक छोटी पाळी; एरवी सामन्यात नऊ असतात) काढले, शेरझरला पाचव्या, आणि अकराव्या इनिंगमध्ये सामना संपला तेव्हा चेंडू डॉजर्सच्याच यामामोतोच्या हातात होता. क्रिकेटमध्ये कोणी दोन गोलंदाजांची नावे समोरासमोर मांडून सामन्याचा अंदाज बांधत नाही. मग बेसबॉलमध्ये, सहसा एकमेकांना चेंडूही न टाकणाऱ्या दोन माणसांभोवती सगळे का फिरते, आणि असा प्रिव्ह्यू वाचून हाती काय लागते?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या दोन खेळांमधल्या एका मूलभूत फरकात आहे. क्रिकेटमध्ये षटक संपले की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. एकदिवसीय सामन्यात सर्वोत्तम गोलंदाजालाही पन्नासपैकी दहाच षटके मिळतात आणि टी-ट्वेंटीत विसांपैकी चार. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर सलग पाच-सहा इनिंग एकटा टाकतो, म्हणजे नऊ इनिंगच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या निम्म्याहून अधिक बॅटिंगला तोच सामोरा जातो. या कामाचा खांद्यावर आणि कोपरावर इतका ताण येतो की त्यानंतर त्याची पाळी साधारण पाचव्या दिवशी येते. संघ हंगामात १६२ सामने खेळतो, बॅटर जवळजवळ रोज तेच असतात, प्रतिस्पर्धी आणि मैदानही बहुधा तीन दिवस तेच राहतात. कालच्या आणि आजच्या सामन्यात बदललेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पिचर, आणि म्हणूनच प्रिव्ह्यूची सुरुवात त्याच्या नावाने होते.

घोटाळा होतो तो ‘विरुद्ध’ या शब्दाने. २०२२ पासून अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेच्या दोन्ही लीगमध्ये (गटांत) पिचरच्या बदली दुसराच खेळाडू बॅटिंग करतो, त्यामुळे दोन पिचर एकमेकांसमोर येतच नाहीत. (त्या पहाटे ओहतानी शेरझरसमोर बॅट घेऊन उभा राहिला, कारण दोन्ही कामे करणारा तो विरळा खेळाडू आहे.) म्हणून जोडी आडवी न वाचता तिरपी वाचावी, अशी माझी पहिली सूचना आहे : या संघाचा पिचर आणि त्या संघाचे नऊ बॅटर ही एक लढत, आणि त्या संघाचा पिचर आणि या संघाचे नऊ बॅटर ही दुसरी. दोन पिचरांपैकी श्रेष्ठ कोण, हा गप्पांचा विषय झाला; सामना या दोन तिरप्या लढतींच्या बेरजेवर ठरतो.

अशा लढतीत सर्वांत आधी हात पाहावा. पिचर उभा राहतो त्या जागेपासून होम प्लेटचे, म्हणजे बॅटर जिच्याशी उभा राहतो त्या पाटीचे, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते, आणि प्लेट १७ इंच रुंद असते, साधारण आपल्या जेवायच्या पाटाएवढी. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना हा खेळ समजावताना मी टेप लावून हे अंतर मोजले आणि एका टोकाला खरोखरच पाट ठेवला. एका डावखुऱ्या मुलाला टेनिसचा चेंडू टाकायला सांगितले. पाटाशी उभा असलेला डावखुरा बॅटर पहिल्याच चेंडूला दचकून मागे सरकला, कारण चेंडू आपल्या पाठीमागून येत आहे असे त्याला वाटले, आणि तो चेंडू तर पाटावरून सरळ निघून गेला. त्यानंतर उजव्या हाताची मुलगी उभी राहिली, तेव्हा तिला तोच हात, तेच मनगट पहिल्यापासून स्वच्छ दिसत होते, आणि तिसऱ्या चेंडूला तिने तो थेट जिन्यापर्यंत टोलवला. मोठ्या मैदानावर ताशी सुमारे १५० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू बॅटरपर्यंत पोहोचायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो, तेव्हा या दिसण्या-न दिसण्याची किंमत किती असेल याची कल्पना करावी. यामुळेच डावखुऱ्या पिचरसमोर व्यवस्थापक उजव्या हाताचे बॅटर जास्तीत जास्त खेळवतात, आणि प्रिव्ह्यूमध्ये पिचरच्या नावापुढे तो डावा की उजवा हे न चुकता लिहिलेले असते.

त्यानंतर पाहायचे ते पिचर किती वेळ टिकेल. नऊ बॅटरांचा क्रम संपला की पहिला पुन्हा येतो, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत बॅटरांना पिचरचा हात, त्याच्या स्लायडर नावाच्या चेंडूचे वळण आणि चेंजअप नावाच्या चेंडूचा मंद वेग ओळखीचा झालेला असतो, शिवाय पिचरही दमलेला असतो. तिसऱ्या फेरीत पिचरची कामगिरी घसरते, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसून आले आहे, आणि संघ आता त्यावरून निर्णय घेतात. २७ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्ससमोर अप्रतिम टाकत होता : सहाव्या इनिंगमधल्या एका बळीपर्यंत फक्त दोन हिट (चेंडू टोलवून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोहोचणे), नऊ स्ट्राइकआउट (तीन संधींत चेंडू मारता न आल्याने बाद), एकूण ७३ चेंडू, आणि रेज १-० ने पुढे. डॉजर्सचा सुरुवातीचा पिचर टोनी गोन्सोलिन दुसऱ्याच इनिंगमध्ये बाहेर गेलेला होता, म्हणजे जोडी म्हणून पाहिले तर रेजने ती केव्हाच जिंकली होती. मात्र डॉजर्सचे पहिले बॅटर तिसऱ्या फेरीसाठी येत होते म्हणून रेजच्या व्यवस्थापकाने स्नेलला काढले. पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, त्याच इनिंगमध्ये डॉजर्सनी दोन धावा केल्या आणि ३-१ अशा विजयाने विजेतेपद मिळवले. मला तो निर्णय आजही चुकीचा वाटतो, कारण सर्वसाधारण पिचरविषयीचा नियम त्या रात्रीच्या असाधारण पिचरला लावला गेला. पण प्रिव्ह्यू वाचणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की पिचरांची जोडी साधारण पहिल्या पाच-सहा इनिंगविषयी सांगते. उरलेल्या इनिंग बुलपेनच्या, म्हणजे मागाहून येणाऱ्या बदली पिचरांच्या, असतात, आणि बुलपेनमधले कोण काल आणि परवा टाकून दमले आहेत हे ज्या प्रिव्ह्यूत दिलेले नसते तो अर्धाच समजावा.

आता आपल्या पहाटेच्या सामन्याकडे वळतो. ओहतानी २८ ऑक्टोबरला चौथा सामना टाकून अवघ्या तीन दिवसांच्या विश्रांतीवर उतरत होता, तर ४१ वर्षांच्या शेरझरला चार दिवस मिळाले होते. नावे कितीही मोठी असली, तरी दोघांपैकी कोणी सहा-सात इनिंग टाकील असे मानायला जागा नव्हती. ओहतानीने तिसऱ्या इनिंगमध्ये एक बळी घेतल्यानंतर ब्लू जेजच्या बो बिशेटने त्याला तीन धावांचा होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारला आणि त्याचे काम तिथेच संपले. निर्णायक सामन्यात उद्याचा दिवस नसतो, त्यामुळे एरवी सुरुवात करणारे पिचरही मागाहून चेंडू टाकायला येतात. आदल्याच दिवशी ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकून देणाऱ्या योशिनोबू यामामोतोने शेवटचे आठ बळी घेतले आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले. २०२० चा तोच स्नेल आता डॉजर्सकडे होता आणि त्यानेही त्या सामन्यात मध्ये येऊन चेंडू टाकले. आपण वाचलेल्या प्रिव्ह्यूने नावे बरोबर दिली होती, पण विश्रांतीचे दिवस ठळकपणे सांगायला हवे होते.

मैदानाचाही विचार हवा. डेन्व्हरचे कूअर्स फील्ड जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत मारलेला चेंडू लांब जातो आणि पिचरचा चेंडू कमी वळतो, त्यामुळे तिथल्या पिचरचे आकडे वाचताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

प्रश्न : माझा नातू पिचरांच्या नोंदी मला फोनवर वाचून दाखवतो. जेकब डीग्रॉमची २०१८ ची नोंद ‘१० विजय, ९ पराभव’ अशी आहे, आणि तरी सर्वोत्तम पिचरचे त्या वर्षीचे साय यंग पारितोषिक त्यालाच मिळाले. मी शाळेत गणित शिकवत असे, पण हे गणित मला सुटत नाही. शिवाय ‘ई.आर.ए. १.७०’ आणि ‘५.२ इनिंग’ म्हणजे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, विजय-पराभवाचा स्तंभ झाकून ठेवला तरी चालेल. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळण्यासाठी त्याने किमान पाच इनिंग टाकलेल्या असाव्या लागतात, तो बाहेर पडताना त्याचा संघ पुढे असावा लागतो आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी लागते. यातल्या बऱ्याचशा गोष्टी त्याच्या हातात नसतात. न्यूयॉर्क मेट्सच्या बॅटरांनी डीग्रॉमला त्या वर्षी पुरेशा धावा दिल्या नाहीत, एवढाच त्या ९ पराभवांचा अर्थ. याहून हृदयाला चटका लावणारे उदाहरण ९ सप्टेंबर १९६५ चे आहे. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या सँडी कोफॅक्सने शिकागो कब्जच्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटरांना बेसवर पोहोचू न देता बाद केले. त्याच सामन्यात कब्जच्या बॉब हेंडलीने डॉजर्सना संपूर्ण सामन्यात एकच हिट दिला, आणि त्या हिटवर धावही झाली नाही. सामन्यातली एकमेव धाव वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), बंट (चेंडूला बॅट हळूच टेकवणे), चोरलेला (फटका नसताना धावून गाठलेला) तिसरा बेस आणि कॅचरची, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूची, चुकीची फेक यांतून आली, आणि नोंदवहीत हेंडलीच्या नावापुढे पराभव लागला.

ई.आर.ए. म्हणजे पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी. तिच्यात हा अन्याय बराच कमी होतो, कारण क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा पिचरच्या खात्यात धरत नाहीत. उरलेल्या धावांना ९ ने गुणावे आणि टाकलेल्या इनिंगनी भागावे : १५० इनिंगमध्ये ५० धावा दिल्या तर ३.००. अलीकडच्या हंगामांत सरासरी चारच्या आसपास असते, म्हणून तीनच्या आतला पिचर उत्तम आणि १.७० तर विलक्षण. ५.२ हा दशांश अपूर्णांक नव्हे, आपण १९.४ षटके लिहितो तसे ते पाच इनिंग आणि दोन बळी आहेत, आणि एका इनिंगमध्ये तीनच बळी असल्यामुळे ५.३ असे कधी दिसणार नाही. भागाकार करताना मात्र ५.२ च्या जागी पाच पूर्णांक दोन तृतीयांश घ्यावे.

हंगामाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, या आकड्यावर फार विसंबू नये. दोन सामन्यांत १० इनिंग टाकून २ धावा देणाऱ्याचा ई.आर.ए. १.८० असतो, तिसऱ्या सामन्यात त्याने ३ इनिंगमध्ये ७ धावा दिल्या की तोच ६.२३ होतो. अशा वेळी स्ट्राइकआउट किती आणि वॉक किती, हे मी आधी पाहतो, कारण या दोन गोष्टींत क्षेत्ररक्षकाचा आणि नशिबाचा वाटा सर्वांत कमी असतो.

प्रश्न : सामने आपल्याकडे पहाटे आणि सकाळी असतात. पिचरांची नावे केव्हा पाहावीत?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : उन्हाळी हंगामात न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७.०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ ला सुरू होतो, आणि लॉस एंजेलिसचा ७.१० चा सकाळी ७.४० ला. पिचरांची नावे एक-दोन दिवस आधी जाहीर होतात, पण ती ‘संभाव्य’ असतात. बोटाला फोड आली, पाठ आखडली किंवा आदल्या दिवशीचा सामना पावसाने पुढे गेला, तर नाव बदलते. बॅटरांचा क्रम मात्र सामन्याच्या काही तास आधीच कळतो, म्हणजे न्यूयॉर्कच्या सामन्याचा आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास. रात्री झोपण्यापूर्वी पिचरची नावे, त्यांचे हात आणि विश्रांतीचे दिवस पाहून ठेवावेत, आणि पहाटे उठल्यावर चहा ठेवता ठेवता बॅटरांची यादी काढून डावे किती, उजवे किती एवढे मोजावे.